अंबाडीचं दार

चाळीस वर्षं झाली, मी गाड्यांचे पत्रे ठोकतोय. पोचा कुठंय ते डोळ्यानं नाय, तळहातानं बघायचं. हातात पातळ फडकं धरायचं, डोळे मिटायचे आन् पत्र्यावरून हात फिरवायचा. केसाएवढा फुगवटा असला तरी कळतो.

माझी भाची मेघा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. दोन वर्षं खपून तिनं पुढच्या जमान्याची गाडी बनवली. मे महिन्यात एका सकाळी तिचा फोन.

"मामा, कॉलेजात या. दाराला लाट आलीय, वर-खाली झालंय. दुपारी शेंद्र्याहून गाड्यांच्या कंपनीची माणसं येणारेत. त्यांना पटली तर पुढं खरी गाडी बनंल. नायतर ही भंगारात."

हातोडी घेऊन गेलो आन् शेडच्या दारातच थांबलो. चिंचोक्यासारखी गुळगुळीत गाडी. दार सोडलं तर कुठं सांधा नाय, बोल्ट नाय, मागं सायलेन्सर नाय. टपावर उन्हापासनं वीज करणाऱ्या काचा. मेघानं बटण दाबलं तर मांजरीसारखी सरकली, आवाजच नाय. रंगसुद्धा दिलेला नव्हता. वाळल्या गवताचा असतो तसा तिचा आपलाच रंग.

"पत्रा कुठला गं हा?"

"पत्रा नाय मामा. अंबाडी."

"भाजीची?"

"तिच्याच वाखाची. वरून मक्यापासनं केलेला डिंक."

माझी माय दगडाबाई त्याच वाखाचे दोर वळायची. म्या दाराला हात लावला, नव्या लेकराला लावावा तसा.

मेघाला तिच्या सरांनी बोलावलं, ती गेली. आता आमची जुनी सवय, लाट बघायची तर गाडी उन्हात काढायची. म्या एका हातानं ढकलली तर निघाली, इतकी हलकी. उन्हात ती अशी काही दिसली की मी काम विसरून बघतच बसलो. दहा मिनिटं गेली असतील. मग दिसलं, दार खाली वाकलंय. एका लाटेच्या तीन झाल्यात.

मेघा आली. दार बघून खाली बसली.

"मामा, हिला ऊन सोसत नाय. काल टेम्पोतनं आणताना उन्हातच लाट आली होती. तेवढं सांगायचं राहिलं."

चाळीस वर्षांत कुणाची गाडी बिघडवून दिली नव्हती. हातोडी उचलली, परत ठेवली. हिला ठोकणार काय? मग फडकं घेतलं, डोळे मिटले, हात फिरवला. आन् दार हाताखाली हललं. भाकरीच्या पिठासारखं, कोमट. दाबलं तसं गेलं, ओढलं तसं आलं.

"मेघे, ऊठ. गाडी सावलीत घे आन् गार पाण्याचं फडकं आण."

आतून तिचा हात, बाहेरून माझा. जिथं बसलं तिथं लगेच गार फडकं. पत्रा माझ्याशी जन्मभर भांडला. हे दार ऐकत होतं. अर्ध्या तासात गाडीच्या दोन्ही बाजू सारख्या.

दुपारी माणसं आली. त्यांच्यात सगळ्यात मोठ्या हुद्द्याच्या भानुमती मॅडम. सरांनी बजावलेलं, दाराचं बोलायचं नाय. पण मेघा बोललीच.

"मॅडम, हे दार सकाळी उन्हात मऊ पडलं होतं. मामांनी हातानं सरळ केलं."

मी पायाकडं बघत ऱ्हायलो. सर दुसरीकडं.

"मग आपल्याकडच्या मे महिन्यात ही गाडी घरातच ठेवायची का?" मॅडमनी विचारलं.

"नाय. डिंक बदलावा लागंल. मला अजून जमलं नाय."

मॅडम माझ्याकडं वळल्या. "कसं सरळ केलंत, दाखवा."

म्या गरम पाण्याचं फडकं दारावर धरलं. मऊ पडलं तसं म्हणलं, "दाबा अंगठा." त्यांनी चांगला दाबला. खड्डा पडला. म्या आतून हात घातला, बाहेरून तळवा फिरवला, गार फडकं ठेवलं.

"वरून पुट्टी नाय लावायची? रंग?" मॅडमनी विचारलं.

"पुट्टी कशाला? आन् रंगच नाय तर उडंल काय?"

त्यांनी माझं फडकं मागून घेतलं. डोळे मिटले. लई वेळ हात फिरवला.

"कुठं होता खड्डा?"

"तुमच्या हाताखालीच."

मॅडमनी फडकं परत दिलं. मग मेघाला म्हणल्या, "गाडी आजच शेंद्र्याला न्यायची. डिंकाचं आमची माणसं बघतील, तुला घेऊन." आन् मला, "काका, तुमचं मत काय गाडीवर?"

"मॅडम, माझी चूक पत्र्यानं कधी माफ केली नाय. हिनं केली."

टेम्पोत गाडी चढवली. वर ओली पोती टाकली. मेघा म्हणली, "मामा, पुढं बसा." नाय बसलो. शेंद्रा येईस्तोवर मागंच, पोत्याखाली हात घालून, दार चाचपत.