जिंकलेल्याला ओवाळायची थाळी

दर्याची आण घेऊन सांगते, यातलं अक्षर न् अक्षर खरं! खोटं निघालं तर माझे उरलेले तीन दात आत्ता गळून पडोत.

झाईच्या किनाऱ्यावर शूटिंग आलं. पिक्चर सट्ट्याचा. त्यांना आमच्या पुतळी कोळणीच्या बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांड्या हव्या होत्या आणि हिरोची आई म्हणून पुतळीही हवी होती. आल्या आल्या त्या शहाण्यांनी बोंबील दोऱ्यानं शेपटीला बांधून टांगले.

"अरे मेल्यांनो, जबड्यात जबडा अडकवून जोडीनं टांगतात! हे काय तोरण लावलंय?" पुतळी ओरडली.

"आजी, पडद्यावर छान दिसतं," डायरेक्टर म्हणाला. "आता ऐका. मुलगा मोबाईलवर मॅचला पैसे लावतो, जिंकतो, नोटा उधळत घरी येतो. तुम्ही ओवाळायचं."

पुतळीच्या पोरानं, चंदरनं, असंच मॅचवर लावून होडीचं इंजिन घालवलं होतं. नारळी पुनवेला होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, हात ठेवून त्यानं सट्टा सोडायची शपथ घेतली, ती आजवर पाळली होती. आणि आता तो गर्दीत उभा राहून त्या चिकण्या हिरोकडे बघत होता. डोळे पुन्हा तसेच चकाकत होते.

"असं होत नाही, बाबा," पुतळी म्हणाली. "जिंकलेला घरी येतच नाही. संडासात दोन तास बसतो न् सगळं परत लावतो. हरला की येतो. अंगाला वास, तोंडाला वास, भात थंड होतो तरी बोट फोनवरच. याला ओवाळू? शी!"

"हे कोण बघणार, आजी? चला, ॲक्शन!"

गाणं वाजलं, हिरोनं नोटा उधळल्या. पुतळीचं लक्ष चंदरच्या अंगठ्याकडे. अंगठा फोनवर सरकत होता.

तिनं थाळीतला दिवा काढून टाकला. चुलीतले निखारे घेतले, वर मूठभर मिरच्या न् मीठ. हिरोला मागे टाकून ती सरळ चंदरपुढे गेली आणि सात वेळा दृष्ट काढली. असा ठसका उठला की पार उंबरगावचे बगळे खोकायला लागले!

"आये, फक्त वीसच रुपये लावलेत गं!"

"इंजिन पण विसापासूनच गेलं. दे इकडे."

चंदर फोन सोडेना. बोंबलाचे जबडे अडकावेत तशी त्याची बोटं अडकलेली. पुतळी थाळी धरून उभीच राहिली, डोळ्यांतून पाणी गळत. शेवटी त्यानं फोन दिला. तिनं तो खाऱ्या मासळीच्या पिंपात तळाशी खुपसला. चंदर वलांडीकडे गेला, दोरे सोडून एकेक बोंबील नीट टांगायला लागला.

डायरेक्टरनं हात जोडले. म्हणाला, "आजी, चुकलं आमचं. सीन बदलतो."

बरं, बरं, माझ्या दातांकडे बघू नका. एवढं एक मी घुसडलं. त्यानं कुठले हात जोडले! दुसऱ्या दिवशी नरपडच्या किनाऱ्यावर दुसरी आई उभी केली त्यानं. तिनं हसत हसत ओवाळलं. थू!