रिकामा खिळा

रानातल्या सहली आखून देणं हे माझं काम. कुठली वाट, किती तास, पाणी किती न्यायचं, सगळं मी कागदावर लिहून देते आणि जो ऐकत नाही त्याला चारचौघांत सुनावते. राष्ट्रीय उद्यानाच्या दाराजवळच्या आमच्या खोलीत एका फळ्यावर साठ खिळे आहेत, प्रत्येकावर नंबराचा बिल्ला. आत जाणाऱ्याने बिल्ला न्यायचा, परतल्यावर पुन्हा अडकवायचा. संध्याकाळी खिळा रिकामा दिसला की समजायचं, माणूस आत राहिलाय, शोधायला निघा. एका साहेबांनी बिल्ला नको म्हटलं, तर मी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं.

त्या दिवशी सकाळी आई आली. ती एकटी राहते, तिला तळ्याकाठचे पक्षी बघायचे होते. मी तिला दीड तासाची सोपी वाट लिहून दिली. बिल्ला मात्र दिला नाही. घरच्या माणसाला कसला आलाय बिल्ला? तेवढ्यात शाळेची चाळीस पोरं येऊन धडकली आणि माझा दिवस त्यांच्यातच गेला. मला कामात बघून आई न सांगताच बसने घरी गेली असेल, असं मी धरून चालले.

साडेपाचला रखवालदार दादांनी फळ्यावर नजर टाकली. सगळे खिळे भरलेले. कुलूप लावू का, म्हणाले. लावा म्हटलं, आणि नीट पोचलीस का विचारायला आईला फोन लावला. फोन माझ्याच खुर्चीखाली वाजला, तिच्या पिशवीत. शेजारी तिचा डबा होता, न उघडलेला.

आईला बिल्ला दिलाच नव्हता, हे मी दादांना सांगितलं. त्यांनी पुन्हा फळ्याकडे पाहिलं.

"ताई, म्हणजे फळ्याप्रमाणे आत कोणीच नाही."

बॅटरी घेऊन आम्ही निघालो. उजेड भराभर कमी होत होता. तळ्याची निसरडी कड, मागच्या महिन्यात दिसलेलं अस्वल, तिचे अधू गुडघे. मन चिंती ते वैरी न चिंती. तळ्याशी ती नव्हती. त्या काळ्या पाण्याकडे मला बघवेना. शेवटी दादांनी दंडाला धरून मला पुढे नेलं.

फाट्यापलीकडच्या बंद पडलेल्या वाटेवर ती एका दगडावर बसली होती. सकाळी अकरापासून. मी तिला मिठी मारून रडायला लागले, तर तीच माझी पाठ थोपटू लागली. मला कशाची भीती, म्हणाली, आणि मुठीतला चुरगळलेला कागद तिने उलगडला. माझंच अक्षर. वाट चुकल्यास जागेवरून हलू नका. तुम्ही आत आहात हे आम्हाला ठाऊक आहे. कोणीतरी येणारच.

"दोनदा वाटलं उठून वाट शोधावी. पण म्हटलं, लेकीने लिहिलंय."

दादा बॅटरी खाली धरून दुसरीकडे बघत होते. आईने माझा हात धरला आणि आम्ही हळूहळू चालू लागलो.

"मी आत राहिल्याचं तुम्हाला कधी कळलं गं?" तिने सहज विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. माझ्याने ते झालं नाही.

"तुझा फोन पिशवीत वाजला तेव्हा. नाहीतर आम्ही कुलूप लावून निघालोच होतो."

दिवसभर शांत बसलेल्या माझ्या आईचा हात तेव्हा थरथरायला लागला.