मागे घे

थोरल्याने धाकट्याला कॉलर धरून खुर्चीतून उचललं आणि भिंतीवर आपटलं. टेबलावरचा मॉनिटर खाली पडून फुटला.

"पाय गेला त्याचा! कळतंय का तुला? गुडघ्याखाली काही राहिलं नाही!"

थोरला गोदामाचा मुकादम, हात दणकट. पहिल्याच ठोशात धाकट्याचा ओठ फाटला, दुसऱ्यात डोळ्यांपुढे काजवे चमकले. वरच्या मजल्यावर, संगणकाच्या खोलीतली ही नोकरी त्याला थोरल्यानेच साहेबांकडे शब्द टाकून मिळवून दिली होती. लहानपणीही तो असाच मारायचा, पण तेव्हा आई मध्ये पडायची.

गोदामात माल वाहणाऱ्या बिनचालकाच्या गाड्या दोन सर्व्हरच्या हुकमावर चालत. सकाळी धाकट्याने त्यांच्या नव्या रस्त्यांचा बदल सिस्टीमवर चढवला. एका सर्व्हरने तो मुकाट घेतला, दुसऱ्याने एरर दाखवून नाकारला. तो का नाकारतोय हे धाकटा शोधेपर्यंत निम्म्या गाड्या नव्या रस्त्याने निघाल्या, निम्म्या जुन्या. खाली गोदामात हलकल्लोळ माजला. गाड्या एकमेकींवर चालून गेल्या, रॅक कोसळले आणि एका गाडीने एका हमालाचा पाय भिंतीशी दाबून धरला. ती तिथेच थांबली होती. हमाल जिवाच्या आकांताने ओरडत होता, पण पाय अजून शाबूत होता.

तेवढ्यात वर धाकट्याचा फोन वाजला.

"मागे घे! लवकर मागे घे!" खालून थोरला किंचाळत होता.

संगणकाच्या खोलीत या शब्दांचा अर्थ एकच. चढवलेला बदल काढायचा, सगळं होतं तसं करायचं. धाकट्याने बदल मागे घेतला. त्यासरशी साऱ्या गाड्या नव्याने सुरू झाल्या, आणि सुरू होताना प्रत्येक गाडी आधी वीतभर पुढे सरकते.

"तूच म्हणालास ना, मागे घे?" धाकटा कसाबसा म्हणाला.

"गाडी! गाडी मागे घे!"

"गाडी म्हणाला नाहीस, दादा."

उगारलेली मूठ हवेतच राहिली. थोरल्याचा चेहरा खर्रकन उतरला. ओठ हलले, जणू तो आपलेच शब्द पुन्हा म्हणून बघत होता. मग त्याने आधीपेक्षा जोरात मारलं. या वेळी त्या मारात राग नव्हता, नुसती भीती होती, आणि धाकट्याला तीच जास्त लागली.

दार ढकलून साहेब आत आले. त्यांच्याबरोबरच्या दोघांनी थोरल्याला बाजूला ओढलं.

"पोलीस खाली उभे आहेत," साहेब म्हणाले. "गाडी कोणाच्या सांगण्यावरून हलली? जो असेल, तो त्यांच्याबरोबर जाईल."

धाकट्याने तोंडातलं रक्त बाहीला पुसलं.

"दादाचा फोन आला होता," तो म्हणाला. "मागे घे म्हणाला."

साहेब थोरल्याकडे वळले. थोरल्याने कोणाच्याच नजरेला नजर दिली नाही. दोघांच्या पकडीत तो अगदी ढिला पडला होता.

"मागे घे," तो पुटपुटला.

धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं. एकाच डोळ्याने, कारण दुसरा सुजून मिटला होता.

"काय मागे घेऊ, दादा?"

सकाळी एवढंच विचारायचं राहून गेलं होतं.