लोण्यासारखी हनुवटी

न्हाव्याच्या बायकोला पाचव्या महिन्यात दाढीमिश्या फुटल्या. गावभरच्या दाढ्या करणाऱ्याच्या घरातच हे व्हावं, हा देवाचा विनोद. देवाला विनोद जमत नाही, हे माझं जुनं मत आहे.

सकाळी शटर अर्धं खाली ओढून तो तिला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवायचा.

"मान वर. बोलू नकोस, कापेल."

"गिऱ्हाइकांना असंच दरडावता?" तिचा आवाजही घोगरा झाला होता.

"गिऱ्हाइकं गप्प बसतात."

"तुमची गिऱ्हाइकं? गप्प?"

तो हसला. सासूला कळू द्यायचं नाही, एवढंच दोघांचं ठरलेलं. सासूच्या तोंडाला झाकण नव्हतं. तिला कळलं की गल्लीला कळलंच.

मग सोनोग्राफीत तिच्या एका अंडाशयावर मोसंब्याएवढी भरीव गाठ दिसली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चेहऱ्यावर केस आलेत? आवाज बदललाय?"

"इश्श! बाईमाणसाला कसले केस?" सासूच बोलली. "आवाजाचं म्हणाल तर सर्दी झालीय तिला."

डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ ओढून हनुवटी पाहिली. त्या सकाळी नवऱ्याने केसांच्या उलट दिशेने वस्तरा फिरवून उलटा हातही मारला होता. लोण्यासारखी हनुवटी. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने चपलांकडे.

"मग कॅन्सरची शंका उरते. गाठ काढायला हवी. बाळाला धोका आहे, पण थांबलो तर तुमच्या जिवाला."

गाठ काढली. दोन दिवसांनी कळा सुरू झाल्या. मुलगी होती. रडली नाही.

पुढे तपासणीचा निकाल आला. गाठ साधी होती. "गरोदरपणात क्वचित होते अशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुरुषी हार्मोन सोडते, म्हणून दाढीमिश्या येतात. बाळंतपणानंतर आपोआप जिरते. तुमच्या चेहऱ्यावर केस दिसले असते, तर मी वाट पाहिली असती."

सासू सुनेच्या हनुवटीकडे पाहू लागली. तिला बिचारीला खरोखरच काही माहीत नव्हतं.

काही आठवड्यांनी एका सकाळी बायको आपणहून खुर्चीत येऊन बसली. त्याने शटर अर्धं खाली ओढलं, फेस लावला, वस्तरा फिरवला. पात्यावर नुसता फेस आला.

"आता काही उरलं नाही गं," तो म्हणाला.

तिचा आवाज मात्र अजून घोगराच होता.

"मान वर केलीय मी. उलटा हात मारा."