ऐंशी कप

फेस्टी गॅव्हिगनने उभ्या आयुष्यात एकही मयत चुकवलं नाही. आयर्लंडमधल्या मेयोच्या त्या कोपऱ्यात कोणी गेलं, की शव घरात असेल त्या संध्याकाळी पहिली खुर्ची फेस्टीची. शवपेटीशेजारी बसून तो गेलेल्याच्या खोड्या सांगायचा, रडून सुजलेल्या विधवेलाही हसवायचा. "आपण गेलो नाही, तर आपल्याकडे कोण येणार?" असं वर म्हणायचा. केकही चांगला चापायचा.

आता पेटीत तोच होता. पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, निळ्या सुटात. त्याच्या बायकोने, डेलियाने, रिवाजाप्रमाणे घड्याळ थांबवलं, आरशावर चादर टाकली. चर्चच्या हॉलमधले ऐंशी कप तिने आदल्या दिवशीच स्वतः गाडीतून आणले होते. हॅमची सँडविचं केली, केक कापला, दार सताड उघडलं. एकुलता एक मुलगा कॉर्मक ऑस्ट्रेलियाहून निघाला होता, पण तो पोचणार दुसऱ्या दिवशी, थेट चर्चमध्ये. हरकत नाही, गाव तर येणारच होतं.

तीन वाजले. चार वाजले. एक गाडी फाटकाशी हळू झाली आणि पुढे गेली. मग दुसरी. डेलिया डोळ्यांत प्राण आणून रस्त्याकडे बघत होती. किटली तीनदा उकळून गार झाली. काय चुकलं असेल? गेल्या वर्षी कुंपणावरून शेजारच्या ऊनाच्या नवऱ्याशी फेस्टीची बोलाचाली झाली होती. पण तेवढ्यावरून अख्खं गाव पाठ फिरवतं का?

"पन्नास वर्षं लोकांच्या दारात जाऊन बसलास," ती पेटीकडे बघून म्हणाली, "आणि तुझ्या दारात कुत्रं फिरकलं नाही." मग तिलाच भडभडून आलं. खुर्ची ओढून तिने त्याच्या खोड्या त्यालाच सांगितल्या. हसायला कोणी नव्हतं. आठ वाजता तिने दार लावलं आणि सकाळी उठून सँडविचं कोंबड्यांना घातली.

चर्चमध्ये मात्र मुंगीला शिरायला जागा नव्हती. जो तो तिचा हात हातात घेत होता. आता आलेत मिरवायला, असं तिच्या मनात येत होतं. पेटीवर माती पडली तरी तिने तोंड मिटून धरलं होतं. पण माणसं पांगली आणि ऊना जवळ आली, तेव्हा तिला राहवेना.

"काल पाय मोडले होते का गं तुझे?"

ऊना बघतच राहिली. "अगं, तूच तर कोणी येऊ नका म्हणालीस."

"मी?"

ऊनाने फोन काढला. मयताच्या बातम्या आताशा सगळं गाव त्यावरच वाचतं. डेलियाकडे तसला फोन नव्हता. फेस्टीचा हसरा फोटो, आणि खाली: घरी फक्त कुटुंबीय. कृपया कोणी येऊ नये. शोकसंदेश इथे लिहावेत.

"मी ॲपल पाय भाजून घेऊन फाटकापर्यंत आले होते," ऊना म्हणाली. "म्हटलं, नकोय तिला कोणी. रडत परत गेले."

"म्हणजे येणार होते सगळे?"

"फेस्टीकडे? कोण राहिलं असतं घरी?"

डेलियाला क्षणभर बरं वाटलं, आणि लगेच काळीज फाटलं. हे फेस्टीला कळायला हवं होतं.

"लिहिलं कोणी हे?"

ऊनाने कबरीपाशी उभ्या कॉर्मककडे पाहिलं. अंत्यविधीवाले हल्ली फॉर्म मुलांच्या फोनवर पाठवतात.

"त्याला यातलं अक्षर कळता कामा नये," डेलिया म्हणाली.

"पण डेलिया—"

"बापाचं तोंड बघायला मिळालं नाही त्याला. तेवढं पुरे."

घरी आल्यावर कॉर्मकने बूट काढले आणि स्वयंपाकघरात तिच्याजवळ येऊन बसला. "सहा महिने तू बाबांचं सगळं केलंस, आई. म्हटलं, शेवटची एक संध्याकाळ तरी तुम्हाला दोघांनाच मिळू दे. फॉर्मवर तशी सोय होती, नुसती खूण करायची. मिळाली ना निवांत?"

"मिळाली."

"कोणी त्रास नाही ना दिला?"

"नाही रे. कोणीसुद्धा नाही."

"चारशे बारा जणांनी लिहिलंय. वाचून दाखवू?"

"दाखव. सावकाश वाच."

ती उठून मोरीच्या नळाशी गेली.

"एवढे कप कसले गं?"

"हॉलचे आहेत. परत द्यायचेत."

एकाही कपाला कोणाचे ओठ लागले नव्हते. कॉर्मकने पहिलं नाव वाचलं. तिने गरम पाणी सोडलं आणि पहिला कप घासायला घेतला.