कापलेला प्रवेश

आमच्या नाट्यविभागात माणूस ओळखायची सोपी पद्धत आहे. तालमीला कोण असतं आणि फोटोत कोण असतं, एवढं बघायचं. विभागप्रमुख फोटोतले. बोलणं इतकं मऊ, की मुलांनी त्यांचं नाव मखमल ठेवलेलं. नाटक बसवणाऱ्या मॅडम तालमीतल्या. त्यांचं नाव तोफ. तोफेची नेमणूक कंत्राटी, दर वर्षी मखमलींच्या सहीनं नवी व्हायची, त्यामुळे ती धडाडायची ती बहुतेक मुलांवरच. मी रंगभूषा शिकवते. तोंडं रंगवता रंगवता दोन्ही पक्षांचं कानावर पडतं.

त्या संध्याकाळी अंतिम वर्षाचा प्रयोग होता. प्रयोग हीच परीक्षा. बाहेरचे परीक्षक प्रेक्षकांत बसतात आणि ज्याचा जो मोठा प्रवेश, त्यावर त्याला गुण देतात. मुंगीचा प्रवेश दुसऱ्या अंकात होता. मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी. तिला तोफेनं म्हाताऱ्या आईचं काम दिलं होतं. घर विकायला निघालेल्या मुलाची वाट बघत आई खिडकीशी एकटीच बोलते, एवढंच तिच्या वाट्याला. बाकी नाटकभर नुसतं खुर्चीत बसायचं.

रंगपटात मी तिच्या कपाळावर सुरकुत्या काढत होते, तेवढ्यात मखमल आत आले.

"वा, वा, छान दिसताय सगळे! एक छोटीशी गोष्ट. संस्थेच्या अध्यक्षांना लवकर निघायचंय, आणि त्यांचं भाषण तर व्हायलाच हवं. तेव्हा तो खिडकीचा प्रवेश आज गाळू या."

तोफ कपड्यांच्या ढिगात सुनेच्या कामाची साडी शोधत होती. ती ताडकन उठली.

"गाळू या? चहा आहे का तो, सर?"

"संथ आहे हो, मॅडम. लोक जांभया देतात."

"तुम्ही कधी बघितलात? तालमीला आलात पहिल्या दिवशी, तेही फोटो निघेपर्यंत!"

मुंगीनं माझा हात बाजूला केला. "सर, मग मला गुण कशावर?"

"तोंडी परीक्षा घेऊ ना तुझी. उलट सोपं जाईल, बाळ."

विंगेतला कारभार बघणारी एक विद्यार्थिनी होती. सगळे तिला काकू म्हणायचे, कारण ती सगळ्यांना ओरडायची. ती म्हणाली, "सर, मुलाचा क्यू त्याच प्रवेशात आहे. आई 'पायरी सांभाळ रे' म्हणते, त्यावर तो येतो. आता कशावर येऊ दे?"

मखमलींनी जरा विचार केल्यासारखं केलं. "त्याच्या आधी काय आहे?"

"सून रडत आत जाते."

"मग टाळी पडेलच. टाळीवर येऊ दे."

"टाळी?" तोफ कडाडली. "घर विकणार म्हणून बाई रडत गेली, त्यावर टाळ्या पिटणारे लोक अध्यक्ष बरोबर घेऊन येणार आहेत का?"

"मॅडम," मखमल आणखी मऊ झाले, "पुढच्या वर्षीच्या नेमणुका आता व्हायच्यात. तुमच्याबद्दल माझं मत चांगलं आहे. ते तसंच राहू दे."

तोफेच्या पगारावर घरी आई आणि धाकटा भाऊ होता. मखमलींनी नाटक वाचलं नव्हतं, पण माणसांच्या अडचणी नीट वाचून ठेवल्या होत्या. तोफेनं कपड्यांच्या पेटीला एक लाथ हाणली आणि मुलांकडे न बघता म्हणाली, "ऐकलंत ना? तसं करा."

दुसऱ्या अंकात सून रडत आत गेली. टाळी पडली नाही. कोणीतरी खोकलं, बस. रंगमंचावर खुर्चीत एकटी मुंगी. विंगेत मुलगा एक पाय पुढे टाकून उभा.

"अरे, जा की!" काकू दात-ओठ खात कुजबुजली.

"टाळी कुठे पडली? सर म्हणाले, टाळीवर."

"पडदा!" मागून मखमल फुसफुसले. "पडदा टाका आधी!"

तोफ पडद्याच्या दोरीपुढे जाऊन उभी राहिली. "हात लावून बघा," ती म्हणाली. एवढंच. मखमलींचा हात जिथल्या तिथे राहिला.

तेवढ्यात मुंगी खुर्चीतून उठली. गुडघा धरत, सावकाश खिडकीशी गेली आणि गाळलेला प्रवेश बोलू लागली. अख्खा. अध्यक्ष मोबाइलमध्ये बघत होते. परीक्षक मात्र पुढे सरकून बसले. "पायरी सांभाळ रे," मुंगी म्हणाली, आणि मुलाचे पाय सवयीनं आपोआप चालू लागले.

नाटक संपलं, अध्यक्ष भाषण न करताच निघून गेले, आणि मखमल रंगपटात आले तेव्हा आवाजाचं अस्तर बाहेर आलं होतं.

"गाळलेला प्रवेश करायला तुला कोणी सांगितलं? ही बेशिस्त आहे! परीक्षकांना सांगतो, हिचं काम धरू नका."

"सर, स्टेजवर कोणीच येईना, म्हणून..."

"मी सांगितलं," तोफ म्हणाली.

हे साफ खोटं होतं. स्टेजवर जाईपर्यंत मुंगी माझ्यासमोरच बसली होती, आणि तोफ तिच्याशी एक शब्दही बोलली नव्हती.

"तुम्ही? विचार करून बोलताय ना?"

"दिग्दर्शिकेनं सांगितलं, मुलीनं ऐकलं. काय करायचं ते माझं करा. आणि आता बाहेर व्हा, मुलींना कपडे बदलायचेत."

मखमल गेले ते थेट परीक्षकांच्या खोलीकडे. तोफेची पुढच्या वर्षीची नेमणूक गेली, हे रंगपटात एकूण एकाला कळलं होतं.

"मॅडम, तुम्ही तर मला काहीच..." मुंगी पदरानं डोळे पुसू लागली.

"नाही सांगितलं! सांगायला हवं होतं तेव्हा तोंड शिवून बसले होते!" ती मुंगीवरच ओरडली. "रडतेस कसली? चल!"

तिनं मुंगीचं मनगट धरलं आणि व्हरांड्यातून तरातरा निघाली. मीही मागोमाग. परीक्षकांची खोली, त्यात खुर्चीच्या कडेवर टेकलेले मखमल.

"सरांनी आत्ताच सांगितलं मला," परीक्षक शांतपणे म्हणाले. "पण मॅडम, मी जे बघितलं त्याचे गुण मघाशीच देऊन टाकलेत."

दुसरं कोणी असतं तर आभार मानले असते. तोफेचा राग अजून पुरा व्हायचा होता.

"किती?"

"ते सांगता येत नाही."

"ती खिडकीशी जाताना तिची पाठ प्रेक्षकांकडे जास्त वळली. त्याचे कापा," तोफ म्हणाली. तिची नजर परीक्षकांवर नव्हतीच, मखमलींवर होती. "बाकी एका गुणाला जरी हात लागला, तर मी याच दारात बसेन. मला आता रोज वेळच आहे."