कटाव कोणी पुसला?

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. एका संशयाचे आख्यान लावतो. घरातलेच आहे, तेव्हा जरा हळू आवाजातच सांगतो.

मी एक जुना संगणक आहे. कसबा पेठेतल्या मंदाकिनीबाई कीर्तनकारांच्या घरी मी आलो, तेव्हा त्यांचे यजमान दिगंबरराव यांनी मला हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला आणि मगच माझे बटण दाबले. बाईंची आख्याने पोटात जपायची, हे माझे काम. बाई सांगत, दिगंबरराव एका बोटाने टंकत. केवढे माझे भाग्य!

पण पुढे विपरीत घडू लागले. अंबरीष आख्यानात एक लांबलचक कटाव होता, एका दमात म्हणायचे यमकांचे पद्य. त्याच्या ओळी नाहीशा होऊ लागल्या. दिगंबरराव आठवून पुन्हा टंकत. त्या पुन्हा जात. मला डोळे नाहीत, मित्रांनो. कळ दाबलेली कळते, बोट कुणाचे ते कळत नाही. मला सगळ्यांचाच संशय येऊ लागला.

बाई तर मला हात लावायलाही भितात, असे सारे समजत. मुलगा नोकरीनिमित्त परगावी. राहता राहिली सून नीरजा. ती हिंजवडीच्या कंपनीत कामाला होती.

"काय सूनबाई," दिगंबरराव म्हणाले, "कंपनीत काटछाट शिकवतात वाटतं? देवाच्या कामात तरी नको."

"बाबा, कटाव कशाशी खातात तेही मला ठाऊक नाही!"

"म्हणूनच गेला असेल."

नीरजा रडली नाही. रविवारी माझ्यापुढे ठाण मांडून बसली आणि तिने माझ्यात व्हर्जन कंट्रोल नावाची प्रणाली बसवली. लिखाण साठवले की ही आपोआप त्याची जुनी प्रत वेगळी जपणार. वर कोणी, केव्हा, काय बदलले तेही टिपणार. खरे सांगतो, मला तो पाहुणा आवडला नाही. काही न विसरणारा, सगळ्यांच्या खाडाखोडी नोंदणारा! असा माणूस तुम्ही तरी घरात ठेवून घ्याल का?

बसवताना त्याने लिहिणाऱ्याचे नाव विचारले. नीरजा आधण उतरवायला गेली होती. दिगंबररावांनी विचार केला, या घरात सारे लिखाण ज्याला अर्पण, नाव त्याचेच हवे. त्यांनी टंकून टाकले, 'श्री गजानन'.

आठवड्याभरात कटाव पुन्हा गेला. सासरे-सुनेने नोंद उघडली. बदल करणारे: श्री गजानन.

"घ्या बाबा," नीरजा म्हणाली, "आता बाप्पांनाच जाब विचारा."

दिगंबरराव ओशाळले. मग त्यांची नजर वेळेवर गेली. मंगळवार, भर दुपार. तेव्हा नीरजा कंपनीत होती आणि ते स्वतः मंडईत. घरात उरले कोण?

मंदाकिनीबाई दारातच उभ्या होत्या. "मीच पुसला. तुमचं बघूनच शिकले हो," त्या म्हणाल्या. "हल्ली म्हणायला लागले की मध्येच सगळं कोरं होतं. पुढचं येतच नाही. एकादशीचं कीर्तन तोंडावर आलंय. बाई विसरल्या असं लोकांनी म्हणण्यापेक्षा कटाव आख्यानात नव्हताच, हे बरं."

दिगंबरराव आधी सुनेकडे वळले. "नीरजा, तुझ्यावर आळ घेतला. चुकलो मी."

"ते नंतर बघू, बाबा." तिने जुनी प्रत बाहेर काढली आणि कटाव अख्खा परत आला. "आई, मी मागे झांज घेऊन उभी राहते. अडलात की पुढचा शब्द देईन."

"तुला कुठे येतो गं कटाव?"

"मग शिकवा की!"

एकादशीचे मी घरी बसून नुसते ऐकले, तेही ती सारी परत आल्यावर. बाई मध्यावर अडल्या. मागून शब्द आला. बाईंनी तो झेलला, वळून सुनेकडे पाहिले आणि कटाव शेवटास नेला. वर्षे गेली तसे मागून येणारे शब्द वाढत गेले. मग एका एकादशीला नीरजा पुढे उभी राहिली, आणि बाईंनी मागे झांज धरली.

मी आता माळ्यावर असतो. माझ्यावरची धूळ पुसा, न पुसा. पण घरातले वडीलधारे काही लपवू लागले, तर चोर शोधू नका. त्यांच्याजवळ जाऊन बसा. आणि कुठल्या कीर्तनात कुणी अडखळले, तर हसू नका, मित्रांनो. तेवढा वेळ माझ्या मंदाकिनीबाईंची आठवण ठेवा.